पोटॅशियम आत येतं, बाहेर जात नाही

बांडगूळ झाडाचं ‘अन्न’ खातं, हे इतक्या वेळा कानावर पडलेलं असतं की त्याची हिरवीगार पानं समोर दिसत असूनही कुणाला शंका येत नाही. हिरवं पान म्हणजे हरितद्रव्य. साखर बऱ्याच अंशी त्याची स्वतःचीच. यजमान झाडाकडून मुख्यतः हवं असतं ते पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार. पिवळ्या, बिनपानांच्या अमरवेलीची गोष्ट निराळी. ती थेट रसवाहिन्यांना, म्हणजे पानात बनलेली साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांना भिडते आणि तयार साखर ओढते.

बांडगुळाचं चूषक मूळ फांदीच्या लाकडात शिरून जलवाहिन्यांना, म्हणजे मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या नळ्यांना जोडलं जातं. पाणी खेचतो तो बाष्पोच्छ्वास, म्हणजे पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडणं. यजमानाने उन्हात पर्णरंध्रं (वाफ बाहेर जाण्याची पानांवरची बारीक छिद्रं) मिटली तरी बांडगुळाची बऱ्याचदा उघडीच असतात. या उधळपट्टीचा एक खुलासा शुल्झे आणि एलरिंगर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडला: जलवाहिन्यांतल्या रसात नायट्रोजन फार विरळ असतो, तेव्हा तो पुरेसा मिळवायचा तर पाणी भरपूर उपसावं लागतं. प्रत्येक जातीला हा खुलासा लागू पडत नाही.

खरी गंमत पोटॅशियमची आहे. साध्या पानात पोटॅशियम आणि कॅल्शियम दोन्ही जलवाहिन्यांतून येतात. पोटॅशियम रसवाहिन्यांतून पुन्हा खोडाकडे, कोवळ्या भागांकडे निघून जातं. कॅल्शियमला तो रस्ता जवळजवळ बंद असतो, म्हणून ते पानात साचत जातं. आता बांडगुळाचं पाहा. त्याच्या रसवाहिन्या यजमानाच्या रसवाहिन्यांना सहसा जोडलेल्या नसतात. आत आलेलं पोटॅशियम बांडगुळातल्या बांडगुळात फिरेल, पण झाडाकडे परतणार नाही. पाण्याचा ओघ चालू, परतीची वाट नाही, त्यामुळे साठा वाढतच जातो. शिवाय हे साठलेले क्षार पानाची पाणी ओढण्याची ताकद वाढवतात, म्हणजे यजमान तहानलेला असतानाही ओघ बांडगुळाकडेच वळतो. चूषक मुळातल्या पेशी पोटॅशियम निवडून घेतात का, हा प्रश्न वेगळा. नुसतं साचण्यासाठी तेवढीही गरज नाही.

हा साठा मोजायचा तर बांडगुळाची आणि यजमान झाडाची सारख्याच वयाची पानं घ्यायची. कोवळ्या पानात पोटॅशियम जास्त आणि जुन्यात कॅल्शियम जास्त असतंच. बांडगुळाचं कोवळं आणि झाडाचं जून पान घेतलं की निकाल आधीच ठरला. पानं धुऊन धूळ काढायची, ७० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची, दळून ५०० अंशांच्या आसपास राख करायची. भट्टी फार तापली तर पोटॅशियमच उडून जातं. राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर (ज्योतीत पडणाऱ्या प्रकाशावरून) आणि कॅल्शियम अणुशोषण यंत्रावर (अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून) मोजतात. कॅल्शियमच्या नमुन्यात लँथॅनम क्लोराइड घालायला विसरलं तर फॉस्फेट आडवं येतं आणि आकडा कमी दिसतो.

‘अमुक झाडावरचं बांडगूळ गुणकारी’ अशी जाहिरात करणाऱ्यांना यातलं एक सांगायला हवं: यजमानाची संयुगंही पाण्याबरोबर आत येऊ शकतात. कण्हेरीवर वाढलेल्या बांडगुळात कण्हेरीची हृदयावर परिणाम करणारी विषं सापडलेली आहेत. कुठल्या झाडावरून काढलं हे ठाऊक नसलेली पूड औषध म्हणून घेणं त्यामुळे धोक्याचं.

बांडगूळ लागलेल्या झाडाला नुसतं खत वाढवून भागत नाही, कारण वाढीव क्षारांतला वाटा बांडगुळालाही मिळतो. वरवर खुडलं तर आत राहिलेल्या धाग्यांतून ते पुन्हा फुटतं. फांदीच कापायची, आणि तीही जोडाच्या खाली, खोडाच्या बाजूला निदान फूटभर अंतर सोडून.