सिटी हॉल भुयारी स्थानक, न्यूयॉर्क

न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागातील एक बंद भुयारी रेल्वे स्थानक. महापौरांचे कार्यालय असलेल्या सिटी हॉल या इमारतीलगतच्या बागेखाली ते आहे. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी शहरातील पहिला भुयारी रेल्वेमार्ग सुरू झाला, तेव्हा हे त्याचे दक्षिण टोकाचे स्थानक होते. ३१ डिसेंबर १९४५ रोजी ते प्रवाशांसाठी बंद झाले. ज्या वळणामुळे त्याला रूप आले, त्याच वळणापायी ते बंद करावे लागले. (जवळच ब्रॉडवेखाली याच नावाचे दुसरे स्थानक आहे. ते वेगळ्या मार्गावरचे असून आजही चालू आहे.)

मार्गाच्या कामाचा मुहूर्त २४ मार्च १९०० रोजी सिटी हॉलसमोरच झाला. भुयार खणण्याचा खर्च महापालिकेने रोखे काढून उचलायचा आणि गाड्या, वीज व चालवण्याची जबाबदारी भाडेपट्ट्याने खाजगी कंपनीने घ्यायची, अशी व्यवस्था होती. कंत्राट जॉन मॅकडोनाल्ड यांचे, पैशाचे पाठबळ ऑगस्ट बेलमाँट यांचे आणि मुख्य अभियंता विल्यम बार्क्ले पार्सन्स. बराचसा मार्ग रस्ता उघडा खोदून, पोलादी सांगाडा उभारून, वरून पुन्हा झाकून टाकण्याच्या पद्धतीने बांधला. त्यामुळे तो जमिनीपासून फार खोल गेला नाही. सिटी हॉल स्थानकात दिवसाचा उजेड थेट आत घेता आला, तो या उथळपणामुळेच.

उद्घाटनाचा प्रसंग न्यूयॉर्कमध्ये अजून सांगितला जातो. महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांनी चांदीचे खास हँडल फिरवून पहिली गाडी हलवायची आणि लगेच मोटरमनच्या हाती द्यायची, एवढेच ठरले होते. पण त्यांना ते काम इतके आवडले की त्यांनी हँडल सोडलेच नाही. शेजारी उभे असलेले कंपनीचे अधिकारी कासावीस झाले तरी त्यांनी १०३व्या रस्त्यापर्यंत गाडी स्वतःच हाकली. त्याच संध्याकाळी सात वाजता पाच सेंट भाड्यात मार्ग सर्वांसाठी खुला झाला आणि लाखाहून अधिक लोक नुसती मजा म्हणून भुयारात फिरून आले. तेव्हा हा मार्ग सिटी हॉलपासून ग्रँड सेंट्रल, टाइम्स स्क्वेअर करत १४५व्या रस्त्यापर्यंत जात असे. त्याची लांबी साडेचौदा किलोमीटरच्या आसपास आणि स्थानके २८ होती.

पहिल्या मार्गावरील स्थानकांची सजावट हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांच्या जोडीने केली. बाकीच्या स्थानकांत त्यांनी सपाट छत, लोखंडी खांब आणि भिंतीला फरशा एवढ्यावर भागवले. सिटी हॉलचा मान मात्र घरातल्या दिवाणखान्याचा होता. येथे एकही सरळ छत नाही, सगळ्या कमानी आहेत. त्या राफाएल ग्वास्ताविनो यांच्या पद्धतीने बांधल्या आहेत. ग्वास्ताविनो मूळचे स्पेनमधील वॅलेन्सियाचे. तिकडची जुनी गवंडी विद्या त्यांनी अमेरिकेत आणली आणि तिचे पेटंट घेतले. पातळ भाजक्या फरशांचे थर लवकर घट्ट होणाऱ्या चुन्यासिमेंटात एकावर एक बसवत जायचे. घुमट वजनाने हलका, तरी भक्कम होतो आणि खालून जड लाकडी आधारही लागत नाही. ग्रँड सेंट्रल स्थानकातील प्रसिद्ध कमानीही त्यांच्याच कंपनीच्या.

बागेतून जिना उतरले की प्रथम तिकिटांचे दालन लागे. त्यावर घुमटाकार छत आणि मधोमध काचेचे झरोके. तेथून आणखी एक जिना उतरून फलाटावर जाता येई. फलाट एकच, रूळही एकच आणि दोन्ही गोल वळत गेलेले. वळणाबरोबर ओळीने जाणाऱ्या कमानींच्या कडांना हिरव्या व तपकिरी झिलईच्या फरशा आहेत. छताला पितळी झुंबरे होती, काही कमानींत रंगीत काचेचे झरोके होते आणि भिंतीवर मार्ग उभारणाऱ्यांच्या स्मरणार्थ ब्राँझचे फलक लावलेले होते. हे फलक गट्झन बोर्ग्लम यांनी घडवले. रशमोर पर्वतावरील राष्ट्राध्यक्षांच्या मुखशिल्पांमुळे पुढे गाजलेले शिल्पकार ते हेच.

वळण हौसेखातर घेतलेले नाही. आपल्या चर्चगेटसारख्या टोकाच्या स्थानकात गाडी आली तशीच उलट निघते, त्यामुळे तिला दुसऱ्या टोकाकडून चालवावे लागते आणि त्यात वेळ जातो. सिटी हॉलला हा खोळंबा नव्हता. दक्षिणेकडे येणारी गाडी फलाटाला लागून गोल फिरे आणि तोंड उत्तरेकडे करूनच बाहेर पडे.

अडचण पुढे आली. या वळशात फक्त धीम्या गाड्या येत. जलद गाड्यांचा थांबा हाकेच्या अंतरावरील ब्रुकलिन ब्रिज स्थानकात होता आणि पुलावरच्या वाहतुकीसाठीही तेच सोयीचे होते. १९०५ मध्ये जलद मार्ग आणखी दक्षिणेला गेला, १९०८ मध्ये नदीखालून ब्रुकलिनला पोहोचला आणि सिटी हॉल बाजूला पडले. दुसरीकडे गाड्या लांब होत गेल्या. सुरुवातीच्या डब्यांना दारे फक्त टोकांना होती. नंतर मधलेही दार आले. एवढ्या तीव्र वळणावर डब्याचा मधला भाग फलाटापासून दूर राहतो आणि तेथे माणूस सहज अडकेल अशी फट पडते. फलाट आणि गाडीमधली फट म्हणजे काय, हे मुंबईच्या लोकलने जाणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पुढे सरकणाऱ्या यांत्रिक पट्ट्या बसवून ही फट भरता येते. शहरातील युनियन स्क्वेअर स्थानकात त्या आहेत. पण येथे दिवसाला जेमतेम ६०० प्रवासी उरले होते. त्यांच्यासाठी अख्खा फलाट वाढवून नव्याने बांधणे महापालिकेला परवडण्यासारखे नव्हते, आणि तो निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानहल्ल्याच्या भीतीने झरोक्यांवर डांबर फासले गेले होते, त्यामुळे अखेरच्या वर्षांत स्थानकाची शोभाही झाकलेलीच होती.

स्थानक बंद झाले, रूळ मात्र बंद झाले नाहीत. ६ क्रमांकाच्या धीम्या गाड्या ब्रुकलिन ब्रिजला प्रवासी उतरवून आजही याच वळशातून तोंड फिरवतात. शेवटच्या थांब्यानंतर डब्यात बसून राहिल्यास उजव्या हाताच्या खिडकीतून कमानी दिसतात. १९७९ मध्ये शहराने स्थानकाच्या अंतर्भागाला संरक्षित वारशाचा दर्जा दिला आणि २००४ मध्ये त्याची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. १९९०च्या दशकात येथे न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियमची शाखा काढण्याचा विचार होता, पण वर महापौरांचे कार्यालय असल्याने सुरक्षेच्या कारणावरून तो सोडून द्यावा लागला. सध्या हे संग्रहालय आपल्या सदस्यांसाठी मोजक्या फेऱ्या काढते. फलाटावर उतरायचे असेल तर तेवढाच मार्ग आहे.