फोटो चांगला, पण प्रवेशिका बाद: कॅमेरा क्लबच्या स्पर्धेचा अर्ज भरताना

कासचा हंगाम सरत आला की आमच्याकडे प्रवेशिकांची रीघ लागते. साताऱ्यातल्या आमच्या कॅमेरा क्लबच्या स्पर्धांची छाननी काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. परीक्षकांसमोर जाण्याआधी प्रत्येक फोटो माझ्या टेबलावरून जातो. वाईट फोटो परीक्षक बाद करतात. माझ्या टेबलावर बाद होतात ते बहुतेक चांगले फोटो, कारण त्यांच्यासोबत लागणारी एखादी गोष्ट आलेली नसते. पहाटे तीनला उठून, धुक्यात तास-दोन तास थांबून काढलेला फोटो एका साध्या चुकीमुळे परत पाठवताना जीव तुटतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

पात्रतेचं थोडक्यात सांगतो. क्लबअंतर्गत स्पर्धेला चालू वर्षाची वर्गणी भरलेले सभासदच चालतात. खुल्या स्पर्धेत जिल्ह्यात राहणारं, नोकरी करणारं किंवा शिकणारं कुणीही भाग घेऊ शकतं. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अर्जावर पालकांची सही लागते. अडचण येते ती रहिवासाच्या पुराव्याची. घर कोरेगावात, पण आधारवर पुण्याचा पत्ता, अशी पोरं आता खूप आहेत. त्यांनी घरचं वीजबिल आणि पालकांशी नातं दाखवणारा एखादा कागद जोडावा. बाहेरगावाहून कराडला शिकायला आलेल्यांना कॉलेजचं बोनाफाईड पुरतं. आधार द्यायचंच असेल तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क केलेलं आधार द्या. फोटोच्या स्पर्धेसाठी पूर्ण क्रमांक कुणालाही देण्याची गरज नाही आणि कुणी मागितला तर कारण विचारा. फी यूपीआयने भरली असेल तर फक्त हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यावर बारा अंकी व्यवहार क्रमांक दिसला पाहिजे.

आता खरी गोष्ट, मूळ फाइल.

फोटो अंतिम फेरीत गेला की आम्ही मूळ फाइल मागतो, म्हणजे कॅमेऱ्यातून किंवा मोबाइलमधून जशी बाहेर आली तशीच, हात न लावलेली रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) किंवा जेपीईजी (नेहमीची फोटो फाइल). ती आली नाही तर फोटो कितीही देखणा असला तरी निकालातून काढावा लागतो. अर्जात हे एका ओळीत, इंग्रजीत आणि बारीक अक्षरात छापलेलं असतं. समितीला मी दर वर्षी सांगतो की ही ओळ मराठीत आणि ठळक छापा. अजून छापलेली नाही. तोपर्यंत इथं वाचा आणि लक्षात ठेवा: मूळ फाइल नाही तर बक्षीस नाही.

मूळ फाइल हरवते कशी, ते दर वेळी सारखंच असतं. कार्ड भरलं म्हणून रॉ पुसल्या आणि फक्त एडिट केलेला फोटो ठेवला. किंवा फोनची जागा संपली म्हणून गूगल फोटोजवर ‘स्टोरेज सेव्हर’मध्ये चढवून फोनमधला फोटो काढून टाकला. त्या सेटिंगमध्ये फोटो कॉम्प्रेस करून, म्हणजे फाइल हलकी करून ठेवला जातो आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर लहान केला जातो, म्हणजे मूळ गेलंच. सगळ्यात जास्त घात करतं ते व्हॉट्सअ‍ॅप. तिथं साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली तारीख, वेळ, कॅमेरा, लेन्स ही माहिती निघून जाते. ‘मीच काढलाय सर, हा बघा मित्राला पाठवलेला’ असं म्हणून मुलं चॅट दाखवतात. मला त्यांच्यावर विश्वास असतो, पण त्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग माहिती शाबूत राहते.

कॅमेऱ्याचं घड्याळही एकदा बघून घ्या. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की जुन्या कॅमेऱ्यांची तारीख मागे जाते, आणि यंदा काढलेला फोटो बऱ्याच वर्षांपूर्वीचा दिसतो. आमच्याकडे फोटो मागच्या दोन वर्षांतलाच लागतो. तारीख चुकलेली आढळली तर त्याच दिवशीच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेम्स घेऊन या, सलग क्रमांक असलेल्या. मी त्या समितीपुढे ठेवतो आणि समिती ऐकते. मात्र माहितीत स्वतः दुरुस्ती करू नका. प्रामाणिक माणूससुद्धा त्यामुळे संशयात सापडतो.

मूळ फाइलीचा एवढा आग्रह कशासाठी? कारण आता आकाश बदलणं, माणूस पुसणं, नसलेला पक्षी आणून बसवणं हे फोनमध्ये एका बोटावर होतं. एआयने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला कुठलाही भाग आमच्या कुठल्याच विभागात चालत नाही. फोटोतला प्रत्येक तुकडा तुम्हीच टिपलेला हवा. हा नियम आम्ही मनाने केलेला नाही. ‘फियाप’ ही १९५० साली स्थापन झालेली छायाचित्रणाची आंतरराष्ट्रीय संघटना आणि अमेरिकेची ‘पीएसए’ ही छायाचित्रण संस्था यांच्या सलॉनमध्येही, म्हणजे स्पर्धा-प्रदर्शनांमध्येही, हेच आहे. मोबाइलवर काढलेला फोटो जरूर पाठवा, त्याला कसलीही आडकाठी नाही. फक्त एडिट करताना ‘इरेजर’चं बटण दाबलंत का, ते आठवून बघा.

विभाग निवडताना दुसरी मोठी पडझड होते, आणि ती ‘निसर्ग’ विभागात. निसर्ग छायाचित्राची एक समान व्याख्या फियाप, पीएसए आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून २०१४ मध्ये ठरवली. आम्ही त्याच धर्तीवर चालतो. तिचा सूर सरळ आहे: माणसाने लावलेलं, पाळलेलं, उभारलेलं काही त्यात नको. आपल्या जिल्ह्यात हे पाळणं वाटतं तेवढं सोपं नाही. म्हशीच्या पाठीवर बसलेला गायबगळा हा फोटो दर वर्षी येतो. फोटो गोड असतो, पण म्हैस पाळीव आहे, म्हणून निसर्गात बाद. पाचगणीकडची स्ट्रॉबेरी दवाने भिजलेली असली तरी लावलेलं पीक आहे, बाद. विजेच्या तारेवरचा वेडा राघू पक्षी बाद. कासच्या पठारावरचा तेरडा किंवा सीतेची आसवं ही रानफुलं चालतात, पण मागे कुंपणाची तार किंवा पर्यटकाची छत्री दिसली तर नाही. ती तार नंतर पुसलीत तर आणखी वाईट, कारण निसर्ग विभागात काही काढायला, घालायला किंवा हलवायला परवानगीच नाही. कातरून घ्या, उजळ करा, सेन्सरवरची धूळ काढा, कृष्णधवल करा, फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम्स जोडून एक फोटो) करा. याच्या पुढे जाऊ नका.

अपवादही आहे आणि तो मला फार आवडतो. माणसाच्या वस्तीशी जुळवून घेतलेला जीव असेल तर ती वस्ती फोटोत चालते. वाईतल्या जुन्या वाड्याच्या तुळईवर बसलेलं गव्हाणी घुबड निसर्गात बसतं, कारण तो वाडाच त्याचं घर झालेला असतो. असा फोटो असेल तर घाबरून ‘खुला’ विभागात टाकू नका.

घरट्यांचे फोटो मात्र आम्ही घेत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटं विस्कळीत करणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं. फांदी बाजूला करून काढलेला फोटो ओळखू येतो. ज्याने तो काढला त्याला कदाचित कल्पनाही नसेल की त्या फांदीमुळेच घारीच्या नजरेपासून पिल्लं वाचत होती. ड्रोनचंही असंच. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनचा नोंदणी क्रमांक अर्जात लागतो, आणि वनक्षेत्रावरचा फोटो असेल तर वनखात्याची लेखी परवानगी. ती नसेल तर तो फोटो पाठवूच नका. नंतरचा त्रास क्लबला कमी आणि तुम्हाला जास्त होईल.

कृष्णधवल विभागाचं एवढंच: पूर्ण फोटो एका रंगछटेत, सेपियासारखा, चालतो. सगळं काळं-पांढरं आणि फक्त फेटा लाल, असा फोटो रंगीत विभागात जातो. एकच फोटो रंगीत आणि कृष्णधवल अशा दोन्हीकडे वेगळ्या नावाने पाठवला तर दोन्ही बाद होतात.

लग्नाची कामं करणारे आपले व्यावसायिक मित्र फोटोच्या मालकीच्या मुद्द्यावर हमखास अडकतात. त्यांच्याकडे अप्रतिम फोटो असतात: हळदीचा, पाठवणीचा, आजीच्या डोळ्यांचा. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो, काढणारा नव्हे. ऐकून अनेकांना धक्का बसतो. आणि तो करार कुणाकडेही नसतो, कारण आपल्याकडे लग्नाचं काम फोनवर ठरतं आणि विसार रोख मिळतो. उपाय सोपा आहे. ऑर्डर घेताना एका कागदावर लिहून घ्या: ‘या समारंभाचे निवडक फोटो छायाचित्रकाराने स्पर्धा व प्रदर्शनासाठी वापरण्यास माझी संमती आहे’, खाली सही, तारीख. लग्न होऊन गेलं असेल तर अल्बम द्यायला जाल तेव्हा घ्या. त्या वेळी घरातले सगळे खुशीत असतात, कुणी नाही म्हणत नाही.

वारीतले, लोणंद-तरडगाव-फलटण वाटेवरचे फोटो सार्वजनिक जागेतले असल्याने तिथं संमतीपत्राचा आग्रह आम्ही धरत नाही. मात्र लहान मुलाचा जवळून काढलेला चेहरा असेल तर पालकांना विचारलेलं असावं. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण वृत्तछायाचित्रात देणार असाल तर कुणालाही ‘जरा परत करा’ म्हणून उभं करून काढलेला फोटो नको. वृत्तछायाचित्रात घडलं ते घडलं तसंच हवं.

आता मापं. प्रोजेक्टरवरच्या फोटोसाठी नियम आहे: रुंदी जास्तीत जास्त १९२०, उंची जास्तीत जास्त १०८० पिक्सेल. लोक ‘१९२०’ एवढंच वाचतात आणि लांब बाजू १९२० करून पाठवतात. नेहमीच्या तीनास दोन प्रमाणातला आडवा फोटो १९२० रुंद केला तर उंची १२८० होते, म्हणजे नियमाबाहेर. तो १६२० बाय १०८० करायचा. उभा फोटो ७२० बाय १०८०. उभा फोटो पडद्यावर लहान दिसतो, ही तक्रार खरी आहे, पण पडदाच आडवा आहे. रंग एसआरजीबी या नेहमीच्या रंगप्रणालीत ठेवा. अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगप्रणालीत राहिला तर पडद्यावर फिका पडतो आणि मेहनतीचा रंग परीक्षकांना दिसतच नाही. फाइल दोन एमबीच्या आत. फोटोवर नाव, सही, स्टुडिओचा शिक्का नको. फाइलीचं नाव रोमन अक्षरात लिहा, देवनागरी नावं आमच्या जुन्या संगणकावर चौकोन होऊन येतात. फोटोचं शीर्षक मात्र अर्जात मराठीत खुशाल लिहा.

मुदतीचा गोंधळ तर कायमचा. ‘१० तारखेला रात्री बारापर्यंत’ याचा अर्थ काहीजण दहाची रात्र धरतात, काहीजण नऊ संपून दहा सुरू होते ती रात्र. आमच्या अर्जावर आता १० तारीख, रात्री ११:५९ असं लिहितो. प्रिंट्ससाठी मात्र पोचल्याची तारीख धरली जाते, पाठवल्याची नाही. फलटणहून नवव्या तारखेला केलेलं कुरिअर अकराला आलं तर मला ते उघडताही येत नाही.

प्रिंट बारा बाय अठरा इंच, पातळ माउंटवर, काच आणि चौकट नको. नाव, विभाग, शीर्षक आणि ‘वरची बाजू’ दाखवणारा बाण मागच्या बाजूला. बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढे वळ उमटतो. प्रिंट दिल्यावर पावती मिळते. प्रदर्शन संपल्यावर प्रिंट परत मिळतात ते त्या पावतीवरच.