गावाच्या आरोग्याची कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात कशी घालायची आणि मागणी कुठे अडकते

ग्रामसभेत विषय मांडला, सगळ्यांनी होकार दिला, ठराव झाला की काम मार्गी लागलं असं समजून लोक निवांत होतात. एप्रिल उलटल्यावर चौकशी केली की कळतं, काम आराखड्यातच नाही. उपकेंद्राजवळचं गटार, फुटलेला हातपंपाचा ओटा, अंगणवाडीचं शौचालय अशा साध्या मागण्या वर्षानुवर्षं अशाच मागे पडतात. पैसे नाहीत हे कारण दरवेळी खरं नसतं. बरेचदा मागणी चुकीच्या वेळी, चुकीच्या शीर्षाखाली (म्हणजे निधीच्या चुकीच्या कप्प्यात) किंवा इतक्या मोघम शब्दांत आलेली असते की ती ई-ग्रामस्वराज या आराखडे भरायच्या सरकारी पोर्टलवर भरताच येत नाही.

मागणी कोण करू शकतं, हे सोपं आहे. गावात राहणारी कोणतीही व्यक्ती, बचत गट, शाळा व्यवस्थापन समिती किंवा आशाताईसुद्धा साध्या कागदावर अर्ज देऊ शकते. ठरावावर मत मात्र ग्रामसभेच्या सदस्याचं, म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेल्याचंच धरलं जातं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. पाणी, शौचालय, अंगणवाडी हे विषय तिथेच आधी मंजूर करून घ्या, म्हणजे मुख्य सभेत ते बाजूला सारणं अवघड जातं.

तारखेचा घोळ

आराखडा १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षाचा असतो आणि पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होते. म्हणजे १ मेच्या ग्रामसभेत मागितलेलं काम चालू वर्षाच्या आराखड्यात नसतं, कारण तो कधीच मंजूर झालेला असतो. ते पुढच्या वर्षासाठी नोंदवावं लागतं, नाहीतर पुरवणी आराखड्याची वाट पाहावी लागते. उलट, आराखडा पोर्टलवर भरण्याची जी शेवटची तारीख वर्तमानपत्रात येते ती ग्रामपंचायतीसाठी असते, तुमच्या अर्जासाठी नाही. ती पाहून थांबलात तर उशीर झालाच म्हणून समजा. अर्ज सप्टेंबरमध्ये द्या.

ग्रामसभेची नोटीस ७ दिवस आधी लागते. नोटीस निघण्यापूर्वी अर्ज पोचला तरच तुमचा विषय विषयपत्रिकेवर येतो. 'ऐनवेळचे विषय' अध्यक्षांच्या मर्जीवर असतात, त्यांच्यावर विसंबू नका. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला ती अट नसते, पण तिथे मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय चालतात. म्हणून विषय पहिल्याच नोटिशीत छापून येणं महत्त्वाचं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. 'ठेवून जा, बघतो' याला कागदोपत्री काहीच अर्थ नाही.

पैसा कोणत्या कप्प्यातला

सर्वाधिक मागण्या इथेच अडतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच वापरायची, होती: ३० टक्के पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. त्या आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा आणि सोळाव्या आयोगाचा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यामुळे नव्या वर्षाची टक्केवारी जुन्या फलकावरून उतरवू नका, चालू शासन निर्णयाची प्रत मागून तिच्यातूनच घ्या.

अर्ज लिहिताना कप्पा ओळखून लिहा. शोषखड्डा, बंदिस्त गटार, सार्वजनिक शौचालय ही स्वच्छतेची कामं. ओटा दुरुस्ती, विहिरीचा कठडा, टाकीची दुरुस्ती ही पाण्याची. 'गावात आरोग्य सुविधा करणे' असं लिहिलं तर ते कशातच बसत नाही आणि पहिल्याच चाळणीत गळतं. त्याऐवजी असं लिहा: 'उपकेंद्राच्या दक्षिण बाजूस ४० मीटर बंदिस्त गटार व शेवटी एक शोषखड्डा.' जागा, लांबी, संख्या आली की पोर्टलवर काम म्हणून भरता येतं.

शोषखड्ड्याबाबत एक सूचना. घरगुती सांडपाण्यासाठी साधारण १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो, पण काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही. मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं, नाहीतर पहिल्याच पावसात खड्डा तुंबतो. पिण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर अंतर ठेवा.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाकडेही (घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे) लक्ष ठेवा. त्यातली १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि १५ टक्के मागासवर्गीयांसाठी राखायची असते. उपकेंद्राला उतार (रॅम्प), अंगणवाडीत वजनकाटा अशा लहान गोष्टी यातून होऊ शकतात. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातल्या, गावांना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध निधी मिळतो आणि त्यातून आरोग्य व स्वच्छतेची कामं घेता येतात.

नवीन उपकेंद्र, डॉक्टर, औषधसाठा या मागण्या ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घातल्या तर त्या नाकारल्याच जातात, कारण ते अधिकार ग्रामपंचायतीकडे नाहीत. उपकेंद्राचा निकष सपाट भागात ५,०००, डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा अनुक्रमे ३०,००० आणि २०,०००. अशा मागणीचा वेगळा ठराव करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा.

जे कागद कुणाकडेच नसतात

पहिला, जागेचा पुरावा. ग्रामपंचायतीची मिळकत असेल तर नमुना ८ चा (मिळकतींच्या कर आकारणी नोंदवहीचा) उतारा पुरतो. उपकेंद्राची इमारत जिल्हा परिषदेची असेल तर तिच्या आरोग्य विभागाचं ना-हरकत पत्र लागतं. गायरानावर बांधकाम करायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, सरपंचांचं पत्र चालत नाही. आणि कुणी जमीन देतो म्हणाला तर स्टॅम्पपेपरवरचं संमतीपत्र पुरेसं नाही, नोंदणीकृत बक्षीसपत्र हवं. देणारा माणूस आज खुशीने देतो, उद्या त्याचे वारस काम थांबवतात.

दुसरा, अंदाजपत्रक. 'आधी अंदाजपत्रक आणा' असं सांगून अर्जदाराला परत पाठवणं चुकीचं आहे. ग्रामसभेपुढे ढोबळ रक्कम पुरते. सविस्तर अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता हे अभियंत्याचं काम आहे आणि ते पंचायतीने करून घ्यायचं असतं. यासाठी खासगी माणसाला पैसे देऊ नका.

तिसरा कागद गरजेचा पुरावा, आणि तो मागायचं बहुतेकांना सुचतच नाही. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर होतं. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. नुसतं कार्ड मागू नका, प्रत्येक विहिरीचा आणि हातपंपाचा भरलेला तपासणी नमुना मागा. त्यात 'ओटा फुटलेला', 'जवळ सांडपाणी साचते', 'जलवाहिनीला गळती' अशी एकेक त्रुटी लिहिलेली असते. तीच ओळ उचलून कामाचं नाव करा. शासनाच्याच कागदात दोष नोंदलेला असल्यावर 'गरज दिसत नाही' हा शेरा मारता येत नाही.

टीसीएल पावडरचा (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचा) हिशोबही जोडा. ३३ टक्के क्लोरिनच्या ताज्या पावडरीचं प्रमाण १,००० लिटरला ५ ग्रॅम. ५०,००० लिटरची टाकी रोज एकदा भरत असेल तर दिवसाला २५० ग्रॅम, महिन्याला साडेसात किलो. वर्षाचा साठा एकदम घेण्याचा ठराव करू नका. उघड्या पोत्यातला क्लोरिन उडून जातो आणि पावसाळ्यात नुसती पांढरी भुकटी टाकीत पडत राहते. शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम (लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम) क्लोरिन दिसतो का, याची नोंदवही गावच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या जलसुरक्षकाकडे असते. ती सभेत वाचून दाखवायला सांगा.

समितीचे १०,००० रुपये

ग्राम आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण व स्वच्छता समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून महसुली गावामागे वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. गट ग्रामपंचायत असेल तर प्रत्येक महसुली गावाचा वेगळा. हा पैसा मागच्या खर्चाचा हिशोब आणि उपयोगिता प्रमाणपत्र गेलं नाही की अडतो. समितीची बैठक झाली, पण इतिवृत्तावर सह्या नाहीत, हे नेहमीचं कारण. सह्या त्याच दिवशी घ्या.

बिनखर्चाची कामंही आराखड्यात लिहिता येतात. आठवड्याचा कोरडा दिवस हे त्यातलं सर्वात उपयोगी. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून सुकवायची. वार ठरवून ठरावात लिहा.

ठराव झाल्यानंतर

ठरावात सूचक, अनुमोदक, कामाचं नेमकं नाव आणि निधीचं शीर्ष आहे ना, ते सभा संपण्यापूर्वी वाचून घ्या. नंतर ठरावाची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा कुणालाही पाहता येतो. जानेवारीच्या अखेरीस तिथे कामाचं नाव शोधा. नसेल तर ठरावाच्या प्रतीसह गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि तिच्याही प्रतीवर आवक क्रमांक घ्या. मार्च उजाडण्याआधी हे केलं तर दुरुस्तीला वेळ असतो.