पोलिसांवरील हल्ला : दंडविधान (मराठवाडा)

कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाला मारहाण करणे, त्याच्यावर बळाचा वापर करणे किंवा त्याने काम करू नये म्हणून त्याच्या अंगावर धावून जाणे, या कृत्यांना फौजदारी कायद्याने ठरविलेल्या शिक्षा आणि मराठवाड्यातील त्यांची वाटचाल हा या नोंदीचा विषय आहे. दंडविधानात पोलीस हा वेगळा वर्ग मानलेला नाही. तो ‘लोकसेवक’ या व्यापक संज्ञेत मोडतो. म्हणूनच गोदावरीच्या पात्रात वाळूचा हायवा अडविणारा तलाठी, एसटीचा वाहक आणि नाकाबंदीवरचा शिपाई या तिघांना एकाच कलमाचे संरक्षण मिळते. बोलीत या गुन्ह्याला ‘सरकारी कामात अडथळा’ किंवा नुसते ‘तीनशे त्रेपन्न’ म्हणतात. हा आकडा भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ चा. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर कलमाचा आकडा १३२ झाला, तरी गावात आणि कोर्टाच्या आवारात जुनाच आकडा चालतो.

निजामकालीन पूर्वपीठिका

भारतीय दंड संहिता १८६० साली संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून ब्रिटिश मुलखात अमलात आली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्याने ती येथे लागू नव्हती. संस्थानचा दिवाण पहिला सालारजंग याच्या कारभारात, १८६५ च्या सुमारास, जिलाबंदी (जिल्ह्यांची आखणी) होऊन जिल्हावार पोलिसांची घडी बसली. जिल्ह्याचा पोलीसप्रमुख मोहतमीम आणि ठाण्याचा अधिकारी अमीन, ही पदनामे पुढे संस्थान विलीन होईपर्यंत टिकली. संस्थानची स्वतंत्र दंडसंहिता (ताजीरात-ए-आसफिया) रचनेने बव्हंशी ब्रिटिश हिंदुस्थानच्या संहितेच्या धर्तीवरची होती. भाषा मात्र उर्दू. फिर्याद, मुद्देमाल, जामीन, रोजनामा हे शब्द मराठवाड्याच्या ठाण्यांत इतके रुळले आहेत त्यामागे हा वारसा असल्याचे सांगितले जाते. परंतु यांतील बरेच शब्द पेशवाईच्या दप्तरांतही आढळतात, त्यामुळे सारे श्रेय निजामी कचेऱ्यांना देणे योग्य नाही.

संस्थानच्या कायद्यांचा काळ सांगताना फसली सनाची (संस्थानच्या महसुली कालगणनेची) अडचण येते. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. त्यामुळे फसली सनात ५९० मिळवायचे की ५९१, हे महिना कळल्याशिवाय ठरत नाही. उदा., हैदराबाद जिल्हा पोलीस कायदा १३२९ फसलीचा आहे. त्याचे साल कोणी १९१९ देते, कोणी १९२०. ‘१९१९–२०’ असे लिहिणे अधिक सुरक्षित.

संस्थानच्या हद्दीतही एकच कायदा चालत नव्हता. छावण्यांत आणि रेल्वेच्या जमिनीवर ब्रिटिशांचा अंमल होता. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड मार्गे हैदराबादकडे लोहमार्ग झाला. त्यामुळे फलाटावर शिपायाशी झालेली झटापट आणि फलाटाबाहेर पन्नास पावलांवर झालेली झटापट यांना दोन कायदे लागण्याची स्थिती आली. या अधिकाराला किती मर्यादा आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने) १८९७ साली मुहम्मद युसुफुद्दीन खटल्यात ठरविले. सिमल्याच्या दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटवर संस्थानातील शंकरपल्ली स्थानकात एकाला अटक झाली होती. रेल्वेच्या कारभाराशी संबंध नसलेल्या गुन्ह्यासाठी केलेली ती अटक अधिकाराबाहेरची ठरली. हा निर्णय मारहाणीसंबंधी नाही. पण गणवेश आणि वॉरंट दोन्ही असले तरी पोलिसाची कृती कायदेशीर असेलच असे नाही, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते, आणि पोलिसांवरील हल्ल्याच्या प्रत्येक खटल्यात आजही हाच प्रश्न मध्यभागी असतो.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या अखेरच्या पर्वात सीमेवरच्या कॅम्पांतून निजामी पोलीस ठाणी व करोडगिरी (जकात) नाक्यांवर हल्ले झाले. संस्थानच्या लेखी ते गुन्हे होते आणि विलीनीकरणानंतर ते स्वातंत्र्यलढ्याचा भाग मानले गेले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आल्यानंतर लगेच कायदा बदलला नाही. भाग ‘ब’ राज्ये (कायदे) अधिनियम, १९५१ अन्वये १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंड संहिता हैदराबाद राज्यात लागू झाली, आणि कलम ३५३ मराठवाड्यात प्रथम त्या दिवशी आले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९५९ च्या विस्तार कायद्याने १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम) येथे लागू झाला. शिक्षेपुरते पाहिल्यास १९५१ हीच खरी सीमारेषा मानावी लागते.

कलमे

हल्ल्याची व्याख्या न्याय संहितेच्या कलम १३० मध्ये आहे. नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे. हावभावाची किंवा पवित्र्याची जोड असली तरच शब्दांना अर्थ येतो. हातात दगड घेऊन ‘बघून घेतो’ म्हणणे आणि दहा हातांवरून नुसते तेच म्हणणे यांत कायदा फरक करतो. माणिक तनेजा प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने समाजमाध्यमावर पोलिसांविरुद्ध लिहिलेला मजकूर ३५३ मध्ये बसत नाही असे सांगितले, ते याच सूत्राने.

कलम १३२ (जुने ३५३) : कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग, दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कलम १२१ (जुने ३३२ व ३३३) : साध्या दुखापतीस पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, जबर दुखापतीस किमान एक आणि कमाल दहा वर्षे कैद व दंड. कलम १९५ (जुने १५२) : दंगल शमविताना झालेला हल्ला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पंचवीस हजार रुपये दंड किंवा दोन्ही. नुसता अडथळा कलम २२१ (जुने १८६) खाली येतो. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जमाव असल्यास बेकायदा जमावाची कलमे जोडली जातात.

२२१ आणि १३२ यांतला भेद कागदावर बारीक दिसतो, पण आरोपीच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. २२१ अदखलपात्र व जामीनपात्र असून त्यात संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने न्यायालयात लेखी तक्रार देणे आवश्यक असते. १३२ दखलपात्र व अजामीनपात्र आहे. तेथे ठाण्यात गुन्हा नोंदवून तपास सुरू होतो. लेखी तक्रारीची अट टाळण्यासाठीच ३५३ लावले, असा बचाव वारंवार घेतला जातो. दुर्गाचरण नाईक खटल्यात (१९६६) सर्वोच्च न्यायालयाने हे दोन स्वतंत्र गुन्हे आहेत आणि त्या अटीचा अडसर ३५३ ला नाही असे ठरविले. केवळ अट चुकविण्यासाठी दिलेला मुलामा मात्र चालणार नाही, हेही न्यायालयांनी बजावले आहे. ठाण्याच्या पायरीवर आवाज चढविणाऱ्या शेतकऱ्यावर १३२ लावायचे की २२१, ही निवड गुन्हा नोंदविणाऱ्याच्या हाती असते, आणि या कायद्याविषयीच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

‘कर्तव्य’ म्हणजे काय

कलम १३२ तीन परिस्थिती सांगते : लोकसेवक कर्तव्य बजावत असताना, त्याला कर्तव्यापासून रोखण्याच्या इराद्याने, किंवा त्याने कायदेशीरपणे केलेल्या कृत्याचा राग धरून. ‘कायदेशीर’ हा शब्द फक्त तिसऱ्या परिस्थितीत आहे. पहिल्या दोन ठिकाणी तो नसल्याने बेकायदा कृती करणाऱ्या पोलिसालाही संरक्षण आहे, असा युक्तिवाद होतो. उलट बाजूचे म्हणणे असे की जे कायद्याने सांगितलेले नाही ते कर्तव्यच नव्हे, म्हणून तो शब्द तेथे गृहीतच आहे. दुसरे मत शब्दांना आणि हेतूला अधिक धरून आहे. मात्र त्याला कलम ३७ (जुने ९९) ची मर्यादा आहे. पोलिसाची कृती कायद्याच्या काटेकोर कसोटीला उतरत नसली, तरी ती पदाच्या नात्याने व सद्भावनेने केलेली असेल आणि तिच्यातून मृत्यू किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. वॉरंटमधल्या किरकोळ चुकीवरून हात उगारता येत नाही, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

कलम ३७ लाच एक महत्त्वाचे स्पष्टीकरण आहे : समोरचा लोकसेवक आहे हे ठाऊक नसेल, किंवा तसे मानायला कारण नसेल, तर स्वसंरक्षणाचा हक्क जात नाही. रात्री शेतवस्तीवर साध्या वेशातले चौघे खाजगी गाडीतून उतरतात आणि मुलाला ओढू लागतात. कुत्री भुंकतात, घरातला म्हातारा काठी घेऊन धावतो. ते स्थानिक गुन्हे शाखेचे पथक होते हे त्याला सकाळी कळते. अशा खटल्याचा निकाल ‘आम्ही पोलीस आहोत’ हे कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगितले यावर लागतो. अटक करणाऱ्याने आपले नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख धारण केली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचे) कलम ३६ सांगते. त्या नियमाने आरोपीचे रक्षण होते तसेच पोलिसाचेही होते, याची जाणीव पथकांना करून दिली पाहिजे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २८ नुसार पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. म्हणून रजेवर गावी आलेल्या शिपायाचे भावकीशी बांधावरून भांडण झाले तर १३२ लागते काय? तसे लागत नाही. कलम २८ सेवेची बांधिलकी सांगते. प्रत्येक क्षणाची कृती कर्तव्य ठरवत नाही. मारहाणीचा कर्तव्याशी संबंध दाखवावाच लागतो, नाही तर तो साध्या दुखापतीचा गुन्हा राहतो. तोच शिपाई रजेत चोर धरायला धावला, तर उत्तर बदलते.

२०१८ ची दुरुस्ती आणि नंतर

फेब्रुवारी २०१६ मध्ये लातूर जिल्ह्यातील पानगाव (ता. रेणापूर) येथे शिवजयंतीच्या सुमारास झेंड्यावरून वाद झाला. जमावाने एका सहायक पोलीस उपनिरीक्षकाला मारहाण करून हाती झेंडा देऊन गावातून फिरविले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत एका वाहतूक पोलिसाच्या डोक्यात फटका बसून पुढे त्यांचा मृत्यू झाला. शिक्षा वाढविण्याची मागणी या काळात जोर धरू लागली. विधिमंडळाने संमत केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जून २०१८ मध्ये अमलात आली. महाराष्ट्रापुरती ३५३ ची कमाल शिक्षा दोनवरून आणि ३३२ ची तीनवरून पाच वर्षे झाली, आणि हे खटले सत्र न्यायालयाकडे गेले. किनवट किंवा आष्टीसारख्या दूरच्या तालुक्यांत याचा परिणाम पक्षकारांना आणि साक्षीदार पोलिसांनाही जाणवला. जे काम तालुक्याच्या कोर्टात भागत होते त्यासाठी सत्र न्यायालयाचे ठिकाण गाठावे लागले.

२०२४ मध्ये दंड संहिताच रद्द झाली. राज्य दुरुस्ती तिच्याबरोबर गेली की नव्या संहितेत वाचावी, याविषयी दोन मते संभवतात. दुरुस्ती मूळ कायद्यात मिसळून जाते आणि त्याच्याबरोबरच संपते, हे मत ग्राह्य वाटते. त्यानुसार १३२ ची कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली आणि खटला दंडाधिकाऱ्याकडे परतला. साध्या दुखापतीची पाच वर्षे मात्र आता सर्व देशासाठी कलम १२१ मध्येच आहेत. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना न्याय संहितेच्या कलम ३५८ च्या बचाव-तरतुदीमुळे जुना कायदा लागतो. तरीही अशा आरोपीला कमी झालेल्या शिक्षेचा लाभ मागता येईल काय, हा प्रश्न उरतो. टी. बाराई खटल्यात (१९८३) पश्चिम बंगालच्या दुरुस्तीने जन्मठेपेपर्यंत नेलेली भेसळीची शिक्षा पुढे केंद्रीय कायद्याने तीन वर्षांवर आणली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या आरोपीलाही तो लाभ दिला. साम्य लक्षणीय आहे; कलम ३५८ च्या स्पष्ट शब्दांमुळे निष्कर्ष मात्र तोच निघेल असे नाही.

शिक्षा सात वर्षांच्या आत असल्याने १३२ मध्ये अटक अनिवार्य नाही. नोटीस देऊन हजर राहण्यास सांगता येते. गुन्हा आपसांत मिटविता येत नाही. तो रद्द करून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागते. खंडपीठाचे काम १९८१ पासून सुरू आहे.

तपास व पुरावा

फिर्यादी पोलीस, पहिला साक्षीदार पोलीस आणि तपास करणाराही पोलीस, ही या गुन्ह्याची मूळ अडचण होय. फिर्यादीने स्वतः तपास करू नये, हा संकेत पाळला जातो. कर्तव्य शाबीत करण्यासाठी हजेरी मास्तराने लावलेली ड्युटी, ठाणे दैनंदिनीतील नोंद आणि बंदोबस्ताचा लेखी आदेश हे कागद लागतात. मारहाण सिद्ध होऊनही हे कागद नसल्याने १३२ गळून पडते. जप्तीत बहुधा गणवेशाचा शर्ट असतो : खिसा उसवलेला, वरची गुंडी तुटलेली, नेमपट्टी एका पिनेवर लोंबणारी. तो पंचांसमक्ष खाकी पाकिटात घालून लाखेने सील करतात. ग्रामीण रुग्णालयाचा जखमांचा दाखला त्याच दिवशीचा हवा. दुखणे अंगावर काढून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलेल्या शिपायाचा खटला तिथेच दुबळा होतो.

आंदोलने

१ सप्टेंबर २०२३ रोजी आंतरवाली सराटी (ता. अंबड, जि. जालना) येथे मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार, अश्रुधूर व दगडफेक झाली. आंदोलक व पोलीस दोघेही जखमी झाले आणि पुढे शासनाने लाठीमाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. आंदोलनांतील खटले मागे घेण्याची मागणी नंतर होतेच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० (जुने ३२१) नुसार तसा अर्ज सरकारी अभियोक्ता करतो. त्याला न्यायालयाची संमती लागते.

पोलीस पाटील

महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेला पोलीस पाटील लोकसेवक असून त्याला हीच कलमे लागू होतात. त्याला गणवेश नसतो आणि ड्युटीचा कागदही नसतो. त्यामुळे त्याच्या खटल्यात कर्तव्याचा पुरावा बहुधा गावकऱ्यांच्या साक्षीवर उभा राहतो.