मोटारगाड्यांची आकारवाढ

एकाच नावाने वर्षानुवर्षे विकली जाणारी मोटारगाडी दर नव्या पिढीत लांब, रुंद आणि जड होत जाते. या प्रवृत्तीला मोटारगाड्यांची आकारवाढ म्हणतात. नाव तेच राहते, गाडी मात्र एक वर्ग वर चढते. खाली मोकळ्या झालेल्या जागेत कंपनी नवे, छोटे मॉडेल आणते आणि काही वर्षांत तेही अंग धरू लागते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे फोक्सवॅगनची गोल्फ. १९७४ ची पहिली गोल्फ ३.७० मीटर लांब आणि १.६१ मीटर रुंद होती. वजन आठशे किलोच्या आसपास. २०१९ मध्ये सादर झालेली आठवी पिढी ४.२८ मीटर लांब, १.७९ मीटर रुंद आणि बाराशे किलोंहून जड आहे. तिच्याखालची पोलो १९७५ मध्ये साधारण साडेतीन मीटरची होती. २०१७ ची पोलो ४.०५ मीटरची झाली, म्हणजे ती मूळ गोल्फपेक्षा जवळपास ३५ सेंटीमीटर लांब आहे. मग पोलोच्या खाली २०११ मध्ये ‘अप’ आली आणि तिची लांबी भरली ३.५४ मीटर, म्हणजे जवळजवळ पहिल्या पोलोएवढीच. २०२३ मध्ये ‘अप’ बंद झाली. होंडाची सिव्हिकही याच वाटेने गेली. २०२१ ची सिव्हिक सेडान १९७६ च्या पहिल्या अकॉर्डपेक्षा, म्हणजे त्या काळी एक वर्ग वर असलेल्या गाडीपेक्षा, अर्ध्या मीटरहून अधिक लांब आहे. मिनीबद्दल काय बोलावे! १९५९ ची मिनी ३.०५ मीटरची होती. २०१४ ची तीन दारांची मिनी ३.८२ मीटरची निघाली.

सुरक्षितता हे या वाढीचे सर्वांत सबळ कारण सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. टकरीत पुढचा भाग चेपून धक्का शोषला जावा यासाठी बंपर आणि इंजिन यांच्यात जागा लागते. दारांत आडवे पोलादी दांडे आणि बाजूच्या धक्क्याला तोंड देणारे साहित्य आले, की दार जाड होते. आतली ऐसपैस जागा तशीच ठेवायची तर दार बाहेरच्या बाजूला फुगणार. पादचाऱ्याचे डोके इंजिनवर आदळू नये म्हणून बॉनेट उंच करावे लागते. त्यात एसी, मोठी चाके आणि मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना हवी असलेली जागा यांची भर पडते. पण सगळा दोष नियमांच्या माथी मारणे बरोबर नाही. जुने गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दारात यावे, तेही वाढलेल्या कुटुंबासह आणि वाढलेल्या पगारासह, हा कंपनीचा हिशेब असतो. ‘आधीपेक्षा ऐसपैस’ हे वाक्य जाहिरातीत लिहायला सोपे. ‘आधीपेक्षा लहान’ लिहायची हिंमत क्वचितच कोणी करते. जनरल मोटर्सने १९७७ साली तेलसंकटानंतर आपल्या मोठ्या गाड्या पाव मीटरने छाटल्या होत्या. माझदाने २०१५ ची एमएक्स-५ मूळ गाडीहून किंचित आखूड केली. पण हे अपवाद आहेत. वजन मात्र कधी कधी उतरते: सातवी गोल्फ सहावीपेक्षा लांब असूनही हलकी होती.

कायदा जे माप मोजतो ते वाढायचे थांबते आणि गाडी दुसरीकडून वाढते. जपानमधील ‘केई’ वर्गात हे स्पष्ट दिसते. करसवलतीच्या या छोट्या गाड्यांची मर्यादा कायद्याने ठरते, पण ती मर्यादाही सैल होत गेली. एकेकाळी ३ मीटर लांबी, १.३० मीटर रुंदी आणि ३६० सीसी इंजिन एवढीच मुभा होती. १९७६, १९९० आणि १९९८ च्या बदलांनंतर ती ३.४० मीटर, १.४८ मीटर आणि ६६० सीसीवर आली. उंचीची मर्यादा मात्र २ मीटर, म्हणजे भरपूर मोकळी. त्यामुळे या गाड्या उभ्या वाढल्या. होंडाची एन-बॉक्स रुंदीपेक्षा सुमारे ३० सेंटीमीटर अधिक उंच आहे.

भारतात हीच पट्टी चार मीटरची आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. अट अशी : लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत. टाटा मोटर्सने २००८ मध्ये इंडिगोची शेपटी कापून इंडिगो सीएस काढली. मारुतीच्या डिझायरवर काय बेतले ते डिकी उघडल्यावर कळते. २००८ ची डिझायर ४.१६ मीटरची होती आणि डिकीत ४४० लिटर सामान मावे. २०१२ ची डिझायर ३.९९५ मीटरवर आणली, तेव्हा डिकी ३१६ लिटरची उरली. मागची काच संपते ना संपते तोच गाडी संपते, असे तिचे रूप झाले. त्यानंतरच्या २०१७ आणि २०२४ च्या डिझायरही ३.९९५ मीटरच्याच आहेत, मात्र रुंदी १.६९५ वरून १.७३५ मीटर झाली आहे. लांबीला कुलूप लागल्यावर वाढ आडवी झाली. वॅगन-आर तर दीड मीटरच्या आतून २०१९ मध्ये १.६२ मीटरवर गेली.

या पट्टीचा महाराष्ट्राशी संबंध चाकणमधून येतो. तिथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात २००९ अखेरपासून पाचव्या पिढीची, ३.९७ मीटरची पोलो तयार होत असे. युरोपात २०१७ मध्ये सहावी पिढी आली, पण ती पाच सेंटीमीटरने चार मीटरची रेघ ओलांडत होती. भारतात २०२२ पर्यंत जुनीच पोलो विकली गेली आणि मग नावच थांबले. जीएसटीतही हीच रेघ आहे: सप्टेंबर २०२५ पासून इंजिनाची अटही पाळणाऱ्या आतल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना १८ टक्के, बाहेरच्यांना ४० टक्के.

रुंदीची वाढ सर्वांत जास्त जाचते ती गाडी लावताना. कागदावरची रुंदी आरसे सोडून मोजतात, हे लक्षात ठेवावे. ब्रिटनमधील नेहमीच्या २.४० मीटर रुंद चौकटीत पहिल्या गोल्फच्या दोन्ही बाजू मिळून ७९ सेंटीमीटर उरत, आठवीला ६१ उरतात, आणि त्यातच जाड झालेले दार उघडायचे असते. ‘ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये दाखवले, की युरोपातील नव्या गाड्यांची सरासरी रुंदी २०१८ मधील १७७.८ सेंटीमीटरवरून २०२३ मध्ये १८०.३ झाली. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ च्या सार्वमतानंतर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचे पार्किंग शुल्क शहराच्या मध्यभागी ताशी १८ युरो करण्यात आले. सार्वमताला मतदारांपैकी सहा टक्केही आले नव्हते. शुल्कासाठी तिथे वजन धरले जाते: १.६ टन, आणि विजेवरच्या गाडीला २ टन. रुंद पण हलकी गाडी या जाळ्यातून सुटते.