रंगाने भरलेल्या खोलीत रंगच दिसेनासा होतो तेव्हा

प्रकाशकलेची, म्हणजे प्रकाश हेच माध्यम असलेल्या कलेची, दालने आता केवळ कलारसिकांपुरती राहिलेली नाहीत. शाळकरी मुले, एखाद्या कार्यालयातले सहकारी किंवा ज्येष्ठांचा गट एकत्रितपणे त्यांना भेट देतो, आणि अशा भेटींमुळे सर्जनशीलता वाढते, मनावरचा ताण हलका होतो, असे सांगितले जाते. या सांगण्यात तथ्य असावे, असे माझे मत आहे. मात्र त्यामागचे म्हणून जे कारण वारंवार दिले जाते, ते चुकीचे आहे. निळा प्रकाश मन शांत करतो, केशरी उत्साह देतो, जांभळ्याची कंपने शरीरातील ऊर्जा संतुलित करतात, असा मजकूर जाहिरातींत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात अशा दालनात जे घडते ते डोळा आणि मेंदू मिळून घडवतात, आणि ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक विलक्षण आहे.

प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढून घेणाऱ्या कलेला इमर्सिव्ह म्हणतात, आणि भिंतींवर हलती चित्रे फेकणाऱ्या कार्यक्रमांनाही हल्ली हे नाव दिले जाते. पण या लेखाचा विषय त्याहून साधी, जवळजवळ रिकामी दालने हा आहे. अमेरिकन कलावंत जेम्स टरेल यांनी १९६५ मध्ये पोमोना कॉलेजातून संवेदनांच्या मानसशास्त्रात पदवी घेतली आणि त्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट अर्विन हे कलावंत व एड वॉर्ट्झ हे मानसशास्त्रज्ञ यांच्यासह गान्झफेल्डवर, म्हणजे सर्व बाजूंनी एकसारख्या दिसणाऱ्या दृष्टिक्षेत्रावर, प्रयोग केले. पुढे त्यांनी उभारलेल्या गान्झफेल्ड दालनांत भिंतींचे कोपरे गोलाई देऊन नाहीसे केलेले असतात, दिवे लपवलेले असतात, आणि आत पाऊल टाकणाऱ्याला समोरची भिंत हाताच्या अंतरावर आहे की बरीच दूर, हे ओळखता येत नाही. सुरुवातीला डोळे दिपवणारा गडद रंग काही मिनिटांत फिका पडू लागतो आणि अखेर राखाडी धुक्यासारखे काहीतरी उरते. दिवे मंद केलेले नसतात. मग रंग कुठे जातो?

दृष्टिपटलावर मंद उजेडात उपयोगी पडणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग ओळखणाऱ्या ६० लाख शंकुपेशी प्रकाश टिपत असतात, पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत जेमतेम दहा-बारा लाख तंतू असतात. एवढ्या पेशींचे म्हणणे जसेच्या तसे पुढे पाठवणे शक्यच नसल्यामुळे निवड करावी लागते, आणि तिची सुरुवात डोळ्यातच होते. शास्त्रज्ञ स्टीफन कफलर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या दृष्टिपटलातील गँग्लियन पेशींच्या, म्हणजे मेंदूकडे संदेश पाठवणाऱ्या पेशींच्या, विद्युत-संदेशांच्या नोंदी घेऊन दाखवून दिले, की अशी प्रत्येक पेशी दृश्याच्या एका लहानशा गोल तुकड्यावर लक्ष ठेवते आणि त्या तुकड्याचा मध्यभाग व त्याभोवतीचे वलय यांचे काम परस्परविरुद्ध असते. मध्यावर प्रकाश पडला की पेशीचे संदेश वाढतात आणि वलयावर पडला की घटतात. दुसऱ्या जातीच्या पेशींत नेमके याच्या उलट होते. मध्य आणि वलय या दोहोंवर सारखाच प्रकाश पडला, तर दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. एखाद्या वस्तूची कड या तुकड्यातून जात असेल तेव्हा मात्र हे पारडे एका बाजूला झुकते आणि पेशी ठळकपणे बोलू लागते. शेजारच्या पेशी एकमेकींना कशा दाबतात, हे हार्टलाइन या शास्त्रज्ञांनी हॉर्सशू क्रॅब या समुद्रजीवाच्या डोळ्यात त्याआधीच पाहिले होते, आणि १९६७ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. तात्पर्य, डोळा मेंदूला मुख्यतः उजेडातले फरक कळवतो; एकूण उजेड किती आहे हे सांगणारा संदेश त्या मानाने फार क्षीण असतो.

हे झाले जागेतल्या फरकांबद्दल. काळातल्या फरकांबद्दलही डोळा तितकाच आग्रही असतो. अंगावरच्या कपड्यांचा स्पर्श थोड्याच वेळात जाणवेनासा होतो, तसा न बदलणारा प्रकाशही दृष्टीच्या नोंदीतून गळून पडतो. एरवी हे आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण एका बिंदूवर टक लावून पाहत असलो तरी डोळा अतिसूक्ष्म हालचाली करत राहतो आणि त्यामुळे दृश्यातल्या कडा दृष्टिपटलावर सतत मागेपुढे सरकत असतात. १९५० च्या दशकाच्या आरंभी संशोधकांनी कॉन्टॅक्ट लेन्सवर बसवलेल्या आरशाच्या साह्याने, प्रतिमा डोळ्याबरोबरच हलेल अशी व्यवस्था केली, तेव्हा समोरची रेघ काही सेकंदांत विरून गेली. गान्झफेल्ड दालनात असे कोणतेही उपकरण लागत नाही. डोळा कितीही हलला तरी तो जिथे वळेल तिथे तोच रंग आणि तोच उजेड असतो, त्यामुळे त्याच्या हालचालींना कळवण्याजोगा फरक सापडतच नाही.

रंगाच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. शंकुपेशी तीन प्रकारच्या असून त्यांची संवेदनशीलता अनुक्रमे सुमारे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते, आणि रंगाची जाणीव या तिघींच्या प्रतिसादांतील तफावतीवरून ठरते. उदाहरणार्थ, किरमिजी (मॅजेंटा) प्रकाशात लघु व दीर्घ तरंगलांबीच्या शंकुपेशींवर भार अधिक पडतो, म्हणून त्यांची संवेदनशीलता अधिक घटते. तिघींचे प्रतिसाद हळूहळू सारखे होत जातात आणि प्रकाश रंगहीन भासू लागतो. मग दालनाबाहेर येऊन पांढऱ्या भिंतीकडे पाहिल्यावर मधल्या, त्या मानाने ताज्या राहिलेल्या शंकुपेशींचा आवाज वरचढ ठरतो आणि भिंत हिरवट दिसते.

डोळ्याकडून येणारी बातमी अशी आटली की मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील स्वतःच्या हालचालींना वाव मिळतो. कोणाला ठिपके दिसतात, कोणाला जाळी, कोणाला पुढे सरकत येणारे धुके. काहींना क्षणभर आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही कळत नाही. याच अनुभवाचा आधार घेऊन १९७० च्या दशकापासून काही परामानसशास्त्रज्ञांनी डोळ्यांवर टेबल टेनिसच्या चेंडूचे अर्धे तुकडे ठेवून, वर लाल दिवा लावून दूरसंवेदनाचे (टेलिपथीचे) प्रयोग केले. त्यांतून वैज्ञानिक जगताला पटेल असा पुरावा हाती लागलेला नाही. मेंदू रिकाम्या दृश्यात स्वतःहून आकार भरतो, एवढे समजले की त्या आकारांना परक्या मनातून आलेले संदेश मानण्याची गरज उरत नाही.

गटाने जाण्याचे खरे महत्त्व इथेच आहे. एकाच दालनात, एकाच वेळी, एकाच उजेडात उभ्या असलेल्या माणसांना वेगवेगळ्या गोष्टी दिसतात, आणि त्यांतली कोणतीही चूक नसते. रोजच्या बैठकीत अनुभवी माणसाच्या म्हणण्याला वजन असते. इथे नवख्याचे आणि अनुभवी माणसाचे निरीक्षण एकाच तोलाचे ठरते. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात १९८० मध्ये टरेल यांच्या प्रदर्शनात, केवळ प्रकाशाने भासणाऱ्या भिंतीला टेकायला गेलेली एक प्रेक्षक खाली पडून जखमी झाली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. आपल्या खात्रीच्या जाणिवेवर असा प्रश्न उभा राहणे, आणि तो सर्वांसमक्ष उभा राहणे, हे सर्जनशील विचाराला अनुकूल आहे असे मी मानतो.

ओलाफुर एलियासन या कलावंतांनी २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या प्रचंड टर्बाइन हॉलमध्ये एकाच तरंगलांबीच्या पिवळ्या दिव्यांचे अर्धवर्तुळ लावले आणि छताला आरसे बसवले, त्यामुळे धूसर हवेत पूर्ण सूर्य तळपताना दिसे. तरंगलांबी एकच असल्याने तीनही शंकुपेशींच्या प्रतिसादांचे प्रमाण प्रत्येक वस्तूसाठी तेच राहिले, आणि साऱ्यांचे कपडे पिवळ्या-काळ्याच्या छटांत बुडून गेले. २० लाखांहून अधिक लोक तिथे येऊन गेले. त्यांतले कित्येक जण जमिनीवर आडवे झाले, आणि अनोळखी माणसांनी मिळून अंगाच्या आकृत्या रचून त्या वरच्या आरशात पाहिल्या. तसे करा, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

याला पूरक असे काही संशोधन आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल पिफ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उंच निलगिरीच्या झाडांकडे मिनिटभर मान वर करून पाहिलेल्या विद्यार्थ्यांनी, एका इमारतीकडे पाहिलेल्यांपेक्षा, समोरच्याच्या हातून सांडलेली पेने अधिक संख्येने उचलून दिली. भव्यतेपुढे स्वतःचा आकार लहान वाटू लागतो आणि इतरांकडे लक्ष जाते, असा त्याचा अर्थ लावला गेला. बूथबी, क्लार्क आणि बार्ग या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवले की दुसरी व्यक्ती त्याच क्षणी तेच चॉकलेट खात असेल तर, एक शब्दही न बोलता, चांगली चव अधिक चांगली आणि वाईट चव अधिक वाईट लागते. कलेचा आरोग्याशी असलेला संबंध तपासताना जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाच्या २०१९ च्या अहवालाने तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आणि एकूण चित्र आशादायक ठरवले. मात्र तो सर्व कलांविषयी आहे. त्यावरून अमुक रंगाच्या खोलीत अमुक मिनिटे बसल्याने अमुक फायदा होतो, असा हिशेब निघत नाही.

रंगोपचाराचे दावे मुळीच नवे नाहीत. अमेरिकेत १८७० च्या दशकात ऑगस्टस प्लेझंटन यांनी निळ्या काचेतून येणारे ऊन रोग बरे करते असे जाहीर केले, आपले पुस्तक निळ्या कागदावर निळ्या शाईने छापले, आणि लोकांनी खिडक्यांना निळ्या काचा बसवल्या. ती काच उन्हाचा काही भाग फक्त अडवत होती. प्रकाशाचे खरे वैद्यकीय उपयोग वेगळे आहेत: नवजात बाळाच्या काविळीत निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनच्या रेणूची रचना बदलतो, आणि हिवाळी नैराश्यात सकाळी सुमारे १० हजार लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रखर उजेड वापरतात. या दोहोंत मात्रा आणि यंत्रणा ठाऊक आहे. कलादालनाकडून उपचाराची अपेक्षा करू नये, आणि कोणी औषध तर अजिबात थांबवू नये.

भेट ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे लुकलुकणारा प्रकाश. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्टूनमध्ये सेकंदाला सुमारे १२ वेळा लाल-निळा प्रकाश चमकला आणि ६०० हून अधिक जणांना, त्यांतही मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा चमकणारा प्रकाश टाळण्याचा संकेत आहे, आणि गटात कोणाला अपस्मार (फिट येण्याचा विकार) असेल तर आयोजकांकडे आधीच चौकशी करावी. दुसरी गोष्ट क्रमाची. १९५८ पासूनचे प्रयोग सांगतात की एकत्र बसून कल्पना मांडणाऱ्या गटापेक्षा, स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या तितक्याच माणसांच्या कल्पनांची बेरीज मोठी भरते, कारण एकजण बोलत असताना बाकीचे थांबून राहतात. तेव्हा दालनात दहा-पंधरा मिनिटे शांत राहावे, बाहेर येताच प्रत्येकाने काय दिसले ते कागदावर लिहावे किंवा रेखाटावे, आणि मगच कागद एकमेकांना दाखवावेत. बोलणे आधी सुरू झाले आणि पहिल्याने जाळी दिसल्याचे सांगितले, तर इतरांच्या आठवणीतही जाळी शिरू लागते.