‘आजवरचा सर्वांत वाईट भाग’ : एका शेऱ्याचा इतिहास

‘वर्स्ट एपिसोड एव्हर’ हा शेरा जगाला ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या कॉमिक बुक गाय या खवचट कॉमिक-दुकानदारामुळे माहीत झाला. चाहत्यांच्या तोंडी मात्र तो त्याच्या चार वर्षं आधीपासून होता. ३ नोव्हेंबर १९९२ रोजी चौथ्या सीझनमधला ‘इची अँड स्क्रॅची : द मूव्ही’ (इची-स्क्रॅची हे मालिकेतल्या मुलांचं आवडतं उंदीर-मांजराचं कार्टून) लागला आणि एका प्रेक्षकाने त्यावर हा शिक्का मारून टाकला. आज तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे सीझन मालिकेचा सुवर्णकाळ मानले जातात. म्हणजे ‘आता पूर्वीची मजा राहिली नाही’ ही तक्रार ऐन सुवर्णकाळातली आहे. जुनी परीक्षणं वाचताना आधी तारीख बघायची ती यासाठी.

मालिका फॉक्स वाहिनीवर १७ डिसेंबर १९८९ला सुरू झाली आणि मार्च १९९०मध्ये यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यावर तिच्या नावाचा न्यूजग्रुप, म्हणजे चर्चागट, निघाला. तिथे चित्रं नव्हती, फक्त मजकूर. तेव्हा यूजनेट हाताशी असणारे बहुतेक लोक विद्यापीठांतले किंवा संगणक कंपन्यांतले, त्यामुळे पुरावा देऊन बोलायची सवय होती. भाग व्हीसीआरवर रेकॉर्ड करायचा, पॉज करत दुकानांच्या पाट्या, फळ्यावरची वाक्यं, मागच्या भिंतीवरचे कागद वाचायचे, चुका टिपायच्या. लेखकही पॉज केल्यावरच दिसतील असे विनोद मुद्दाम पेरू लागले. या नोंदींची मिळून ‘एपिसोड कॅप्सूल’ तयार होई : सुरुवातीच्या शीर्षकदृश्यातलं फळ्यावरचं वाक्य आणि सोफ्यावरचा विनोद, चित्रपटांचे संदर्भ, सातत्यातल्या चुका, संवाद आणि परीक्षणं. परीक्षणाला ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी आणि सगळ्यांची मिळून सरासरी. इतक्या बारकाईने पाहिलेला भाग फसला, की राग मोठा येणारच. तो राग प्रेमातूनच येत होता, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर १९९४पासून जुने भाग स्थानिक वाहिन्यांवर पुन्हा दिसू लागले आणि तुलना आणखी कठीण झाली. दहादा ऐकलेला विनोद म्हणीसारखा तोंडी बसतो, तर नवा विनोद एकदाच ऐकलेला असतो. प्रसारणानंतर तासाभरात लिहिलेल्या परीक्षणात नव्या भागावर अन्याय होतो तो इथेच.

लेखक हे सगळं वाचत होते, पण चालू सीझन लगेच दुरुस्त करणं त्यांच्या हातात नव्हतं. पटकथेचं वाचन, आवाजांचं रेकॉर्डिंग, स्टोरीबोर्ड, मग दक्षिण कोरियात ॲनिमेशन. एका भागाला कित्येक महिने जात. उत्तर द्यायचं तर मालिकेतूनच द्यावं लागे. ते ९ फेब्रुवारी १९९७ला, आठव्या सीझनमधल्या ‘द इची अँड स्क्रॅची अँड पूची शो’मध्ये आलं. लेखक डेव्हिड एक्स. कोहेन, शोरनर म्हणजे मालिकेची सूत्रं सांभाळणारे बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन. हा १६७वा भाग; याच भागाने ‘द फ्लिन्टस्टोन्स’चा प्राइम टाइम कार्टून मालिकांतला १६६ भागांचा विक्रम मोडला. त्यात एक चाहता इची-स्क्रॅचीचे आवाज देणाऱ्या जून बेलामीला विचारतो : २एफ०९ या भागात स्क्रॅचीचा सांगाडा झायलोफोनसारखा वाजवताना इची एकाच बरगडीवर लागोपाठ दोनदा मारतो, तरी सूर दोन वेगळे कसे? २एफ०९ हा निर्मिती-क्रमांक. २एफ म्हणजे सहाव्या सीझनची मालिका आणि ०९ म्हणजे तिच्यातला नववा भाग. चाहते खरोखर याच क्रमांकांनी बोलत. पुढे कॉमिक बुक गाय नव्या इची-स्क्रॅचीवर ‘वर्स्ट एपिसोड एव्हर’ असा शेरा मारतो आणि म्हणतो, की मी निष्ठावान प्रेक्षक आहे, म्हणून ते बनवणारी मंडळी माझं देणं लागतात. सिम्पसनांचा मुलगा बार्ट त्याला विचारतो, हजारो तासांची करमणूक फुकट मिळाली, मग देणं कोणाचं?

प्रत्येक शिवी मात्र अशी परतवता आली नाही. २८ सप्टेंबर १९९७च्या ‘द प्रिन्सिपल अँड द पॉपर’मध्ये मुख्याध्यापक स्किनर हा तोतया असून त्याचं खरं नाव आर्मिन टॅमझेरियन आहे, असं दाखवलं. आठ सीझन जपलेला माणूस, त्याची आई, सैन्यातल्या आठवणी, सगळं एका भागात खोटं ठरवलं. आणि शेवटी न्यायाधीश हुकूम देतो की हा विषय पुन्हा काढायचा नाही. म्हणजे बदलही केला आणि त्याचे परिणामही नाकारले. लेखक केन कीलर यांच्या मते हा भागच मुळी ओळखीच्या गोष्टीत बदल न खपणाऱ्या लोकांबद्दल होता. तरी स्किनरचा आवाज देणाऱ्या हॅरी शिअरर यांनीच त्यावर जाहीर टीका केली. इथे चाहत्यांचं बरोबर होतं.

उलट उदाहरणंही आहेत. १४ जानेवारी १९९३चा ‘मार्ज व्हर्सेस द मोनोरेल’ आज सर्वोत्तम भागांच्या याद्यांत असतो. पण बार्टच्या बहिणीचा, लिसाचा, आवाज देणाऱ्या यार्डली स्मिथ यांनी १९९५मध्ये त्याला मालिकेतल्या सर्वांत वाईट भागांत धरलं होतं. मे १९९७चा ‘होमर्स एनिमी’ बार्टचे वडील होमर यांचा सहकारी फ्रँक ग्राइम्स याच्या मृत्यूमुळे अनेकांना क्रूर वाटला, पुढे त्याचीच गणना उत्कृष्ट भागांत झाली.

६ फेब्रुवारी २०००च्या ‘सॅडलसोर गॅलॅक्टिका’मध्ये सिम्पसन कुटुंब पुन्हा घोडा घेतं. लिसाचा घोडा १९९१मध्येच येऊन गेला होता. याची आठवण कॉमिक बुक गायच करून देतो, तेही ‘वर्स्ट एपिसोड एव्हर’ छापलेला टी-शर्ट घालून. आणि १९ फेब्रुवारी २०१२ला ५००वा भाग संपताना पडद्यावर आभाराची पाटी आली. तिच्यात एकच विनंती होती : हा भाग किती वाईट होता हे इंटरनेटवर लिहिण्याआधी जरा बाहेर जाऊन मोकळी हवा खाऊन या.